नावेत मांडलेली खुर्ची

तलावात नाव चालवून आयुष्य काढलं असं सांगितलं, की शहरातली माणसं हसतात. तलाव म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे बागेतलं तळं येतं, आणि त्यात बदकाच्या आकाराची, पायानं चालवायची बोट येते. एका प्राध्यापकांनी मला सरळ विचारलं होतं, "तलावात काय बुडायचं हो?" मी म्हटलं, "सर, बुडायला नाकाएवढं पाणी पुरतं. आमच्याकडे त्याहून पुष्कळ आहे." ते हसले, पण नावेत बसल्यावर त्यांनी काठ घट्ट धरून ठेवला होता.

गोंदियाकडच्या चोरखमाऱ्याच्या तलावावर मी पस्तीस वर्षं नाव चालवली. आधी काकाचा डोंगा होता, मग मासेमारांच्या संस्थेची लाकडी नाव आली, आणि शेवटी त्याच नावेच्या मागे इंजिन बसलं. पल्याडच्या काठावर एक टोली, म्हणजे छोटी वस्ती आहे. तिथल्या माणसांना दवाखाना, बाजार, लग्न, मयत, सगळ्यासाठी अल्याड यावं लागे. तलावाला वळसा घालून पायी यायचं तर अर्धा दिवस जाई, नावेनं पाऊण तास. आता टोलीला डांबरी रस्ता झाला, माझी नाव काठावर उलटी पडली आहे आणि तिच्यावर आमची शेळी चढून बसते. काय लिहावं, असा प्रश्न पडला तेव्हा माझी बायको, म्हणजे आमच्या शीतलची आई म्हणाली, "वादळाचंच लिहा. बाकी तुम्हाला येते काय?" हे खरंच आहे.

तर वादळाचं. आमच्याकडे त्याला वावधन म्हणतात. चैत्र-वैशाखात सकाळी तलाव परातीतल्या पाण्यासारखा पडून असतो. दुपारी ऊन तापतं, जंगलाच्या बाजूला ढग गोळा होतात आणि तीन-चारच्या सुमाराला वारा जो सुटतो, तो कोणाचा पाहुणा नसतो. समुद्र मी पाहिलेला नाही. पण नौदलात असलेला एक माणूस माझ्या नावेत बसला होता. तो सांगत होता, की समुद्राची लाट लांब असते, नाव तिच्यावर चढते आणि उतरते, मधे श्वास घ्यायला सवड मिळते. तलावाची लाट आखूड. पाणी उथळ, त्यामुळे ती उभीच्या उभी येते. एक उतरायच्या आत दुसरी तोंडावर. शिवाय समुद्रात लाटा वाढायला वेळ लागतो म्हणे, आमच्याकडे चहा उकळायच्या आत तयार. त्यात खाऱ्या पाण्यात माणूस जरा तरी तरंगतो, गोडं पाणी तेवढीही मदत करत नाही. गोडं आहे म्हणून ते गोड वागेल असं कोणी समजू नये.

आणखी दोन गोष्टी आहेत, त्या बाहेरच्याला दिसत नाहीत. एक म्हणजे खुंट. तलाव झाला तेव्हा जंगलच बुडालं, झाडं तोडली पण बुंधे राहिले. पावसाळ्यात ते खोल असतात. उन्हाळ्यात धानाला पाणी सोडून सोडून तलाव उतरतो आणि हे खुंट पाण्याखाली वीतभर अंतरावर येऊन बसतात. दुसरी म्हणजे पाळ, तलावाचा बांध. बांधाच्या आतल्या अंगाला दगड रचलेले असतात. वादळात नवख्याला वाटतं, पाळ जवळ आहे, चला पाळीला लागू. पण लाट नाव उचलून त्या दगडांवर आपटते, पुन्हा ओढते आणि पुन्हा आपटते. पाळीपाशी पाणी कमरेएवढं असेल, तरी तिथंच सगळ्यात जास्त नावा फुटतात.

हे सगळं मला बुधाकाकानं शिकवलं. तो फार बोलायचा नाही. म्हणायचा, "पयले वारा थांबते. मंग बगळे पानी सोडून झाडावर जातेत. मंग पल्याडचा काठ मातकट दिसते. मातकट दिसला का तुह्याजवळ एक बिडी ओढाएवढा टाइम आहे. तं बिडी नोको ओढू, वल्हं मार." आणि त्याचा एक पक्का नियम होता. वैशाखात दुपारच्या जेवणानंतर नाव पाण्यात घालायची नाही. कोणीही येवो.

हा नियम पाळण्यात माझी सगळी वर्षं गेली. नाव चालवणं सोपं आहे, दोन महिन्यांत कोणीही शिकतो. 'नाही' म्हणणं कठीण. गोंदियाहून सुट्टीला लोक यायचे, नवरा-बायको, पोरंबाळं, डबे घेऊन. "भैया, बस एक चक्कर लगा दो ना, मौसम कितना अच्छा है!" मी म्हणायचो, "मौसम अच्छा है इसीलिए नहीं." एकदा नवीन लग्न झालेलं जोडपं आलं. त्यांना नावेच्या टोकावर दोघांनी उभं राहून, हात पसरून फोटो काढायचा होता. मी म्हटलं, नाव काठावर बांधलेली असतानाच काढा. त्यांनी काढला, आणि दोघंही गुडघाभर चिखलात पडले. बांधलेल्या नावेतून पडले ते चालत्या नावेत काय करणार होते! जाताना नवरी मात्र हसत हसत मला नमस्कार करून गेली.

एकदा एक पुढारी आले, बरोबर चार-पाच माणसं. टोलीत सभा होती. वेळ दुपारची. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मी कोण आहे माहीत आहे का?" मी म्हटलं, "माहीत आहे ना साहेब, म्हणूनच नेत नाही. दुसरा कोणी बुडाला तर तलावाचं नाव येईल. तुम्ही बुडालात तर माझं येईल." ते जीपनं वळसा घालून गेले. त्या दिवशी वादळ आलं नाही. आठ दिवस लोक मला चिडवत होते. वादळ न येण्याची ही पीडा कोणाला सांगता येत नाही.

नियम एकदा मोडला होता, तो बकऱ्यांच्या व्यापाऱ्यासाठी. टोलीतून अकरा बकऱ्या घेऊन तो बाजाराला निघाला होता. मी सकाळीच निघणार होतो, म्हणजे नियमातच होतो, पण त्याची एक बकरी पळाली, ती धरता धरता दुपार झाली, आणि मी नाव सोडली. अर्ध्यावर नुसती वीज कडाडली. वारा नाही, पाऊस नाही. अकराच्या अकरा बकऱ्या एका बाजूला धावल्या आणि नावेचा काठ पाण्याला टेकला. व्यापारी ओरडला, "माह्या बकऱ्या!" मी ओरडलो, "तुह्या बकऱ्या गेल्या खड्ड्यात, तू त्या बाजूनं बस!" एक बोकड तेवढ्यात उडी मारून पोहत निघाला. आम्ही काठाला लागलो तेव्हा तो आमच्या आधी पोचून कोणाची तरी भाजी खात होता. तेव्हापासून मी सांगत असे, नावेत माणूस असो की बकरी, ज्यानं त्यानं आपल्या जागी तळाशी बसावं. उंच बसणारा आणि उभा राहणारा, हे दोघं नाव बुडवतात.

हे सगळं इतक्या ठसक्यात सांगणारा मी. आणि मीच एकदा वैशाखात, दुपारी तीन वाजता, चार पाहुणे आणि स्वतःची मुलगी घेऊन नाव पाण्यात घातली. नुसती घातली नाही, एका पाहुण्याला नावेत खुर्ची मांडून दिली. ती गोष्ट मी आजवर कोणाला नीट सांगितलेली नाही.

शीतल माझी एकुलती एक मुलगी. नर्सिंग केलेली, तिरोड्याला एका दवाखान्यात नोकरीला होती. दोन स्थळं आली आणि फिरली. मुलगी पसंत होती, पण 'बाप डोंगेवाला' हे दोघांच्याही घशाखाली उतरलं नाही. तिची आई रात्रंदिवस तेच बोलायची. मग सालेकशाकडचं स्थळ आलं. मुलगा राकेश, शाळेत शिक्षक. घरी धानाची शेती, वडील दयारामजी तेंदूपत्त्याच्या हंगामात मोठ्या फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात तिथं, काम बघणारे, चार गावांत वजन असलेला माणूस. त्यांनी डोंगेवाला या शब्दाचा काही मुद्दा केला नाही. मुलगी पाहिली, पसंत केली आणि वैशाखातल्या एका रविवारी साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायला आमच्या घरी आले. दयारामजी, त्यांची बायको, राकेश आणि त्याचे मामा. आमच्या दृष्टीनं हे स्थळ म्हणजे देवानं दार वाजवल्यासारखं होतं. या वेळी फिरलं तर शीतलचं लग्न होणार नाही, अशी माझी आणि तिच्या आईची खात्री झाली होती. शीतलची खात्री काय होती, ते मी विचारलं नव्हतं.

जेवणं झाली. तारीख निघाली. मामांच्या हातात आम्ही पेढ्यांचा डबा दिला. दयारामजी सुपारी कातरत अंगणात आले, तलावाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पल्याड मोहाखाली देवीचं ठानं आहे म्हंतेत. शुभ काम झालं, तं पेढे ठेवून येऊ. तुमची नाव आहेच."

मी आभाळाकडे पाहिलं. जंगलाच्या वर पांढरे ढग चढत होते. वारा पडलेला. तोंडाशी शब्द आला होता, पण मी शीतलच्या आईकडे पाहिलं. ती दारात उभी राहून डोळ्यांनी सांगत होती, 'हो म्हणा.' मुलाकडचा माणूस पहिल्यांदा काही मागतो आहे, तेही देवीसाठी. त्याला नाही म्हणायचं? पुढाऱ्याला नाही म्हणणारा मी, व्याह्यांपुढे चपला घालायला लागलो.

"चला की," मी म्हटलं.

विहीणबाईंनी शीतललाही बरोबर घेतलं. काठावर गेल्यावर प्रश्न पडला, दयारामजींना बसवायचं कुठं? नावेच्या तळाशी ओल असते, माशांचा वास असतो. त्यांचं पांढरं धोतर, खांद्यावर आम्हीच घातलेला नवा दुपट्टा. व्याह्यांना आपल्या पायाशी कसं बसवणार? मी धावत घरी गेलो आणि लाल प्लास्टिकची खुर्ची आणली. नावेच्या मधोमध ठेवली, दोरीनं आडव्या फळीला बांधली. खोलीत चार लाइफ जॅकेट टांगलेली होती. ती काढली नाहीत. त्यांना कुबट वास येत होता, पाहुण्यांचे कपडे खराब झाले असते. पस्तीस वर्षांत मी जेवढ्या चुका केल्या नसतील तेवढ्या दहा मिनिटांत केल्या, आणि प्रत्येक चूक हात जोडून केली.

शीतल नावेत चढताना खुर्चीकडे बघत होती. हळूच म्हणाली, "बाबा, हे काय करून राहिले?" मी म्हटलं, "चूप बस."

निघालो. खरं सांगतो, पहिली वीस मिनिटं मला फार बरं वाटलं. इंजिन नीट चालत होतं. दयारामजी खुर्चीत बसून दरबारात बसल्यासारखे दोन्ही काठ बघत होते. "मी जंगलातला माणूस," ते म्हणाले, "वाघ कोठून गेला ते मी मातीवरून सांगतो. पन पान्याचं मले काही समजत नाही." मामा हातातला डबा सांभाळत म्हणाले, "पान्यात समजाचं काय आहे?" मी हसलो. मुलीचा बाप अशा वेळी कशालाही हसतो.

तलावाच्या मध्यावर आलो आणि बगळे उठले. पुढच्या क्षणी मला पल्याडचा काठ दिसेनासा झाला. होता तिथंच, पण मातकट.

वारा समोरून आला. पहिल्या झटक्यातच दयारामजींचा दुपट्टा उडाला आणि त्यांनी तो धरायला खुर्चीतून अंग टाकलं. नाव तिरपी झाली, बादलीभर पाणी आत आलं. विहीणबाई किंचाळल्या. मागे वळून पाहिलं तर आमचं घर दिसत होतं, पाळीच्या पलीकडे, शीतलची आई अंगणात उभी असलेलीही दिसत होती. दयारामजी गरजले, "फिरवा! फिरवा नाव! घर तं तेथी दिसून राहिलं!"

इथं समजावून सांगतो. त्यांचं म्हणणं कोणालाही पटेल असं होतं. वारा मागे घराकडेच ढकलत होता, फिरवली असती तर नाव आपोआप तिकडे गेली असती. पण फिरवताना ती लाटेला आडवी येते. आडव्या नावेला तलावाची आखूड लाट दोनदा लागली की तिसऱ्यांदा लागावी लागत नाही. समजा तेवढ्यातून निभावलं, तरी वारा घेऊन जाणार होता तो पाळीच्या दगडांवर. एकच वाट होती. नाक लाटेवर ठेवायचं, किंचित तिरकं, आणि इंच इंच करत डाव्या हाताच्या खाचेत शिरायचं. तिथं तीन बाजूंनी झाडं होती आणि तळाशी चिखल. मधे खुंट होते. पण खुंटांवर निदान आशा असते.

"नाव फिरणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही खाली बसा."

"काऊन नाही फिरनार? मी सांगून राहिलो ना!"

आणि ते उभे राहिले. खुर्चीचे हात धरून उभे राहिले, घराकडे बोट करून. आमची नाव त्या वेळी लाटेच्या टोकावर होती. माझ्या तोंडून जे निघालं ते मी बकऱ्यांच्या व्यापाऱ्यालाही म्हणालो नव्हतो.

"खाली बस बे! बस खाली, नाहीतर मीच ढकलतो तुले!"

व्याह्यांना 'बे' म्हटलेला माणूस आमच्या जातीत तरी दुसरा नसेल. दयारामजी माझ्याकडे बघतच राहिले. बसले नाहीत, पण राकेशनं मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि त्यांना सरळ तळाच्या पाण्यात बसवलं. मग दोरी सोडवून खुर्ची तलावात फेकून दिली. ती लाल खुर्ची लाटांवर उड्या मारत आमच्या घराकडे निघाली.

शीतलनं तोवर विहीणबाईंना ओढून तळाशी घेतलं होतं, त्यांचं डोकं स्वतःच्या मांडीत दाबून धरलं होतं. नावाड्याची पोरगी, तिला काही सांगावं लागलं नाही. पाणी घोट्याच्या वर आलं होतं. उपसायचा टिनाचा डबा पाहुण्यांसमोर बरा दिसत नाही म्हणून मीच काठावर काढून ठेवला होता. शीतलनं इकडे-तिकडे पाहिलं आणि मामांच्या हातातला पेढ्यांचा डबा हिसकला. मामा म्हणाले, "अवो, देवीचे पेढे आहेत!" तिनं सगळे पेढे तलावात उलटे केले आणि डब्यानं पाणी उपसायला लागली. राकेशनं तिच्याकडे पाहिलं, पायातला नवा बूट काढला आणि तोही उपसायला लागला. एक डबा, एक बूट, एक डबा, एक बूट. दोघांचा हात असा काही जमला, की मला त्या स्थितीतही ते दिसलं.

खाचेच्या तोंडाशी इंजिनचा पंखा खुंटावर आदळला आणि बंद पडला. मी बांबू उचलला. बांबू तळाला लागेना, मग लागला, मग चिखलात रुतला, माझ्या हातून सुटता सुटता राहिला. "मामा, वल्हं घ्या!" मी ओरडलो. मामांनी आयुष्यात वल्हं धरलं नसेल. पण त्यांनी ते पाण्यात असं घातलं जसं कढईत झारा घालतात, आणि त्यानं नाकाचा तोल सावरला. दयारामजी गळ्यापर्यंत भिजून तळाशी बसले होते आणि दोन्ही हातांनी फळी धरून एकच गोष्ट म्हणत होते, "पोरगं वाचू दे, पोरगं वाचू दे." मला वाटलं राकेशसाठी म्हणताहेत. नंतर विहीणबाईंनी सांगितलं, की ते शीतलकडे बघून म्हणत होते. मला ते अजून खरं वाटत नाही, पण विहीणबाई खोटं बोलणाऱ्या नाहीत.

नाव चिखलात घुसली आणि थांबली. आम्ही सहाही जण झाडांच्या आडोशाला जाऊन बसलो. मोठ्या झाडाखाली बसू नका, वीज पडते, एवढंच मी बोललो. सगळे निमूट झुडपांत बसले. पाऊस पंधरा-वीस मिनिटं पडला असेल. मग जसा आला तसा गेला.

ऊन पडलं. तलाव पुन्हा परातीसारखा. पाण्यावर नुसती पानं तरंगत होती. आता आठवलं की हसू येतं, पण तेव्हा त्या तलावाला दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं होतं.

माझं मन मात्र तलावात नव्हतंच. सगळे जिवंत आहेत हे मोजून झाल्यावर दुसरा हिशेब सुरू झाला. मी व्याह्यांना 'बे' म्हणालो. माझ्या मुलीनं देवीचे पेढे पाण्यात ओतले. विहीणबाईंची एक चप्पल गेली, राकेशचा एक बूट फाटला. स्थळ गेलं. शीतलच्या आईला काय सांगू, हेच डोक्यात फिरत होतं. मी दयारामजींपुढे जाऊन हात जोडले.

तेच बोलले. "पानी तं निवांत झालं. चला, नावेनंच जाऊ. वल्हं आहे ना?"

नाव शाबूत होती. वल्हं होतं. पाऊण तासाचं काम. आणि त्यांना खूश करायची मला ही शेवटची संधी होती. मी आभाळाकडे पाहिलं. जंगलाच्या बाजूला अजून काळं होतं. वैशाखात एकामागून दुसरं येतं, नेहमी नाही, पण येतं.

"नाही," मी म्हटलं.

"काऊन?"

"आभाळ साफ नाही. पायी जाऊ. काठाकाठानं दोन-अडीच तास लागतीन."

"मी म्हनून राहिलो तरी?"

"तुमी म्हनून राहिले तरी नाही."

दयारामजींनी मिशीवरचं पाणी पुसलं. माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते मातीतला पंजा बघत असतील. मग म्हणाले, "हे 'नाही' दुपारी कोठी ठेवलं होतं?"

मी म्हटलं, "तुमी नवरदेवाकडचे. तुमाले नाही कसं म्हनू?"

"म्हंजे तुमाले माहीत होतं का वावधन येऊ शकते."

"माहीत होतं."

"अना मले भिऊन तुमी नाव काढली. पोरीलेबी तिच्यात बसवलं." ते उठले. धोतर पिळलं. आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं. "आयका. पोरगीबी मले भिऊनच देऊन राहिले असान, तं नोको देऊ. उद्या माह्या घरी तिले काही तरास झाला, तं तुमी इचाराले येनार नाही. तेथीबी हातच जोडान."

त्यांनी पुढे चालायला सुरुवात केली. मागे विहीणबाई एका चपलेनं, मग मामा, मग राकेश एका बुटानं. मी नाव झाडाला बांधली, दोनदा गाठ मारली. एवढा मोठा तलाव ओळखणारा मी, मला माझं स्वतःचं भय ओळखता आलं नव्हतं. इतकी वर्षं लोकांना शिकवत होतो, नावेत मानपान नसतो. आणि माझ्या घरात मी दुसरं काही ठेवलंच नव्हतं.

दुसरं वादळ आलं नाही. अडीच तास आम्ही तलावाच्या काठानं काट्यांतून चाललो आणि तलाव आमच्या शेजारी गुपचूप पडून होता, एक लहर नाही. मामा दर थोड्या वेळानं पाण्याकडे बघत आणि उसासा सोडत. दयारामजी एकदाही बोलले नाहीत की नावेनं आलो असतो तर बरं झालं असतं. एका ओढ्यापाशी मी पुढे होऊन हात दिला, तो त्यांनी धरला.

ओढा ओलांडल्यावर मी मागे राहिलो. शीतल शेवटी येत होती, रिकामा पेढ्यांचा डबा हातात घेऊन. मी तिला विचारलं, "शीतल, तुले मुलगा पसंत आहे का?"

ती थांबली.

"आता इचारून राहिले, बाबा? तारीख निघाली, बुडून झालं, मंग?"

ती थोडं चालली. मग म्हणाली, "आहे पसंत." पुढे गेलेल्या राकेशकडे बघत म्हणाली, माझ्याकडे नाही.

लग्न झालं, सालेकशाला तिचं बरं चाललं आहे, नातू दोन वर्षांचा आहे. पण मी अजून कधी कधी तोच विचार करतो. ती 'नाही' म्हणाली असती तर? त्या संध्याकाळी म्हणाली असती, तर मी पळत पुढे जाऊन दयारामजींना तिथंच सांगितलं असतं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. पण त्याच दिवशी सकाळी म्हणाली असती, तर मी तिला 'चूप बस' म्हणालो असतो.